उशाशी केलेली प्रार्थना

“कुणी आहे का इथे?” मी दारातून ओरडले, आणि बीपीचं यंत्र ढकलत तो आला. वॉर्डमधला तरुण नर्स, निळ्या गणवेशातला, केस विस्कटलेले.

आत आई पलंगाची कड घट्ट धरून बसली होती. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती. पण भीतीनं बीपी इतकं चढलं होतं की, ‘उतरलं नाही तर आज ऑपरेशन नाही,’ असं डॉक्टर बजावून गेले होते. आणि थांबायला तिच्याकडे वेळ कुठे होता?

त्याला तिच्या गळ्यातला क्रूस दिसला. खाली बसत त्यानं विचारलं, “आई, मिळून प्रार्थना करू या? चालेल?”

आईनं मान हलवली.

“प्रभू येशू, या आईला फार भीती वाटतेय. तिला रागावू नकोस. नुसता जवळ बस... ती झोपली तरी उठू नकोस. आमेन.”

बस्स, एवढंच! पण आईचं एकेक बोट सैल झालं. श्वास संथ झाला. यंत्रावरचे आकडे हळूहळू उतरू लागले... आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. खोलीत खरंच कुणी येऊन बसलं होतं का?

तिला ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं. ड्यूटी संपल्यावर तो बाहेर माझ्याजवळ येऊन बसला.

“तुमच्यासाठीही करू?”

“माझा... तितकासा विश्वास नाही.”

“मग तुम्ही नुसत्या बसा.”

त्यानं डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. किती शांत चेहरा! मी बघतच राहिले.

“डोळे मिटायचे असतात,” तो पुटपुटला.

“मी उघडे ठेवलेत हे तुम्हाला कसं कळलं?”

तो कानापर्यंत लाल झाला. आत ऑपरेशन चालू असतानाही मला हसू फुटलं. तेवढ्यात दार उघडून डॉक्टर आले, म्हणाले, “छान झालं सगळं!” मी रडता रडता त्याचाच हात धरला होता. दोघांनीही तो सोडवला नाही.

घरी निघायच्या दिवशी चाकाच्या खुर्चीतून आई म्हणाली, “अगं, ब्रदरना सांग की, निघालो म्हणून.”

वॉर्डात सगळेच त्याला ब्रदर म्हणायचे. तो समोरूनच येत होता.

“आई, मी... यांना ब्रदर नाही म्हणणार.”

तो थबकला. “मग काय म्हणाल?”

“ते घरी येऊन विचारा. आईसमोर.”

“आई इथंच आहे,” आई म्हणाली, आणि तिनं खुशाल डोळे मिटून घेतले.