जयवंता टीचरांचा खोका

"टीचर नाही म्हणून फुलं करायचीच नाही का?" पायलने विचारलं. तिच्या धाकट्या भावाने, पिंटूने, मान खाली घातली. शेजारचा अनुप चपलेने माती उकरत राहिला.

गुड फ्रायडेची सुट्टी होती. दरवर्षी या दिवशी अमरावतीच्या त्या गल्लीतली पोरं जयवंता टीचरांच्या ओसरीवर जमायची. टीचर शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. ईस्टरसाठी त्या मुलांकडून कागदी अंडी रंगवून घ्यायच्या, घडीचे ससे करवून घ्यायच्या. पण खरी मजा लिलीच्या फुलांची! पांढऱ्या कागदावर पंजा ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची, तो पंजा कापायचा, बोटं मागे वळवायची आणि तळव्याची काडीभोवती गुंडाळी करून वर हिरवा क्रेप कागद बांधायचा. ईस्टरच्या सकाळी ती फुलं कब्रस्तानात जायची. या जानेवारीत टीचरच तिथे गेल्या.

यंदाची फुलं त्यांच्यासाठी करायची, असं पायलने ठरवलं. अंड्यांचे आणि सशांचे खाके टीचरांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात असायचे. तिघं तो मागायला गेली, तर घराची दारं सताड उघडी आणि आत नुसत्या भिंती. टीचरांचा भाचा कुंदन अकोल्याहून घर रिकामं करायला आला होता. तो हातातल्या मोबाइलवरून नजर न उचलता म्हणाला, की सगळे कागदपुठ्ठे सकाळीच रद्दीवाल्याला दिले. कोणता रद्दीवाला, ते त्याला ठाऊक नव्हतं.

पायल म्हणाली, "जाऊ दे, आपण नवे खाके करू."

"तुले नाही समजत," असं म्हणून अनुप तडक बाहेर पडला.

पायल चकित झाली. दोन वर्षांत अनुप एकदाही फुलं करायला आला नव्हता. मग त्याला त्या खोक्याचं एवढं काय? पण विचारायला वेळ नव्हता. पिंटूला फाटकापाशी हिरव्या क्रेप कागदाचा तुकडा सापडला. दुसरा वळणावर, तिसरा पानठेल्यासमोर. रद्दीच्या गाडीतून तुकडे उडत गेले होते! त्यांचा माग काढत तिघं भर उन्हात वलगाव रोडवरच्या एका गोदामाशी पोचली.

गोदामाचे मालक जानराव गठ्ठ्यांवर दोर आवळत होते. माल बांधून झाला, दोन वाजता ट्रक अकोल्याला निघतो, आता काही सुटणार नाही, असं त्यांनी बजावलं.

तेव्हा अनुप बोलला.

"काका, त्यात माह्या बहिणीचा हात आहे."

जानराव थांबले. अनुपने सांगितलं, की टीचर दरवर्षी प्रत्येक पोराचा पंजा एका पुठ्ठ्यावरही काढायच्या, त्यावर नाव आणि साल घालून जपून ठेवायच्या. त्याची बहीण नीलम सहा वर्षांची होती. तीन वर्षांमागच्या ईस्टरला तिनेही पंजा दिला, आणि त्याच पावसाळ्यात तापाने गेली.

"घरी फोटो आहेत," तो म्हणाला. "पण फोटोत तिचा हात केवढा होता, ते समजत नाही."

पायलला एकदम सगळं कळलं. दोन वर्षं तो त्या ओसरीकडे का फिरकला नाही, तेही.

जानरावांनी डोकं खाजवलं. दोर सोडला तर माल कमी भरेल, वरून बोलणी मलाच बसतील, असं काहीसं ते पुटपुटले. पिंटूने लगेच तोड काढली.

"काका, जेवढे पुठ्ठे निघतील, तेवढ्या वजनाच्या जुन्या वह्या आमी देतो. मंग तुमचं कमी कावून भरन?"

जानरावांनी दोराची गाठ सोडायला घेतली. पिंटूने सायकलवरून तिघांच्या घरच्या वह्या पोत्यात भरून आणल्या. तोवर अनुप आणि पायल गठ्ठे उपसत होती. सातव्या गठ्ठ्यात चेपलेला खोका निघाला. पायलचा पहिलीतला पंजा सापडला. पिंटूचा हात हलल्यामुळे त्याच्या पंजाला सहा बोटं होती. सगळ्यात खाली तो पुठ्ठा होता. नीलम, वय सहा. अनुप तिथेच पोत्यावर बसला आणि पायल त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली, त्याला रडता यावं म्हणून.

घरी त्याने तो पुठ्ठा आईच्या, रागिणीकाकूंच्या हातात दिला. त्या तो घेऊन आत गेल्या आणि दार लोटलं.

संध्याकाळी वह्यांचं रिकामं पोतं परत द्यायला आलेल्या जानरावांकडून सगळं ऐकून कुंदन गल्लीत आला. पोरांसमोर उभं राहून तो हळूच म्हणाला, "मावशीचं घर मी उघडलं, पण पाहिलं काहीच नाही. तुमी पाहिलं. लय मोठं काम केलं पोरांनो." खोका त्याने पायलकडेच ठेवायला सांगितला.

ईस्टरच्या सकाळी तिघं फुलं घेऊन निघाली, तेव्हा रागिणीकाकू वाटेत उभ्या होत्या. त्यांच्या हातात नीलमच्या पंजाएवढी एक छोटीशी लिली होती. रात्रभरात की पहाटे, कधी कापली कोण जाणे. बोटांच्या कडा जरा वेड्यावाकड्या झाल्या होत्या. टीचरांच्या कबरीवर ती त्यांनी इतर फुलांच्या मधोमध ठेवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून काडीवर एक खडा ठेवला.

परतताना त्यांनी अनुपचा हात धरला. तेरा वर्षांचा अनुप, सगळ्या गल्लीसमोर. त्याने तो सोडवून घेतला नाही.