बर्फात गोठलेली कुपी

"ताई, हे काय करून बसलात तुम्ही!" उन्नतीनं हातातली कुपी हलवली. आत औषध हललंच नाही... नुसता खडा झाला होता!

सुशीलेच्या काळजाचं मात्र पाणी पाणी झालं. अर्नाळ्यात तिच्या बर्फाची ख्याती अशी, की तिच्या पेटीतला पापलेट आठवड्यानंही गिऱ्हाइकाला डोळा मारी! आणि त्याच बर्फानं आज असा दगा द्यावा?

तिच्या दिराला, प्रीतमला, नाकात इतका दुर्मीळ कर्करोग झाला होता, की मुंबईच्या डॉक्टरांनाही पुस्तकं उघडावी लागली. किरणांचा शेक आणि शरीराची स्वतःची फौज जागी करणारं इंजेक्शन, दोन्ही जोडीनं द्यायचं, हीच शेवटची आशा. औषध गार राहायला हवं, आणि प्रीतम-उन्नतीच्या फुलपाड्यात वीज म्हणजे रुसलेली विहीण! म्हणून तर, "मासळीचा वास येतो," म्हणत नवऱ्याला वेगळं काढणारी उन्नती काल जावेच्या दारात कुपी घेऊन उभी राहिली होती... आणि आज सुशीला ती बर्फाच्या टोपलीतून तिच्या घरी घेऊन आली होती.

"गार ठेवा म्हटलं होतं, गोठवा नाही! डॉक्टर फोनवर म्हणाले, टाकून द्या. नवं येईपर्यंत काय करू मी?"

"माला काय ठाव, बाय... बरफात जितकं खोल, तितकं टिकतं, येवढंच आमाला म्हाईत!" सुशीला हुंदके देत टोपलीतला बर्फ उगाच चाचपत राहिली.

उन्नती टोपलीवर वाकली आणि थबकली. "वास कसा नाही हिला?"

"कालचा सगला म्हावरा दर्यात सोडला. पेटी चिंचेनं घासली, टोपली पन. तुला वास सोसत नाय... औसदाला लागला आसता तर?"

उन्नतीनं हातातली कुपी हळूच खाली ठेवली.

आतल्या खोलीतून प्रीतम भिंत धरत आला. शेकानं गाल करपला होता. वेगळा झाल्यापासून वहिनीशी तो अवाक्षर बोलला नव्हता. आईमागं जिनं लेकरासारखं वाढवलं, तिच्याशी!

"वयनी... हात गार हायेत ना तुझे?"

"बरफच झालेत रे, पोरा..."

त्यानं ते हात ओढून जळत्या गालावर दाबले, डोळे मिटले. "ताप आला की असंच ठेवायचीस."

सुशीलेला रडताही येईना. हात हलला असता...

उन्नती टोपलीशी खाली बसली. बर्फाचा एक तुकडा तिनं ओंजळीत धरला.

"ताई," ती पुटपुटली, "हात कोमट झाले की सांगा. मग माझे ठेवते."