सरड्याशेजारचा पक्षी

“अहो, पक्षी चुकलाय!”

भिंत रंगवता रंगवता तिनं शिडीवरून खाली पाहिलं. खाली एक तरुण उभा: चष्मा, काखेत कागदांची गुंडाळी आणि चेहऱ्यावर अख्ख्या जगाचा मास्तर असल्याचा भाव. ती पाट्या रंगवणाऱ्यांच्या घरातली तिसरी पिढी; चूक काढणाऱ्याला चहा पाजायची रीत त्यांच्यात नव्हती.

“आपण कोण?”

“प्राण्यांच्या वंशवृक्षाची ही आकृती ज्यानं काढून पाठवली, तो मी. मी सरडा, मगर, पक्षी असं काढलं होतं. तुम्ही पक्षी सरड्याशेजारी बसवलात! परवा दालन उघडतंय… भिंत पुसावी लागेल.”

संग्रहालयातलं तिचं हे पहिलंच काम. तरीही ती तरातरा खाली उतरली आणि आकृतीसोबत आलेली चिठ्ठी तिनं त्याच्यासमोर धरली.

“अक्षर तुमचंच ना? वाचा.”

“शेजारी कोण आहे ते पाहू नये… फांदी कुठे फुटली ते पाहावे.”

“मगर आणि पक्षी एकाच फाट्यावरून फुटलेत. सरडा त्याआधीच वेगळा झालाय. मी तो फाटा जागच्या जागी फिरवला, बस्स! नातं तेच राहिलं. भिंतीच्या टोकाला विजेची पेटी आहे, तिच्याखाली मगर आरामात पडते. पक्ष्यानं पंख कुठे पसरायचे — पेटीत?”

तो भिंतीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे… जरा जास्तच वेळ.

तेवढ्यात संचालकबाई आल्या. “मगरीच्या आधी पक्षी? पुसा ते!”

तो गप्प बसला असता तरी कुणी त्याला जाब विचारला नसता. पण तो म्हणाला, “बाई, ते बरोबर आहे. आत्ता मीही फसलो होतो. माझी आकृती माझ्यापेक्षा यांनाच चांगली वाचता येते.”

बाईंनी फाट्यावरून दोनदा बोट फिरवलं. “हं… राहू दे.”

अभिमानानं तिचा ऊर भरून आला. भिंतीचा अभिमान होताच, पण त्याचाही वाटला. याचं मात्र तिला नवलच वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो भिंतीवरच्या बेडकाचा हिरवा रंग बघायला चार वेळा आला. पाचव्यांदा आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

“उद्या आईला आणतोय.”

“भिंत दाखवायला?”

“आधी भिंत… मग ती रंगवणारी. म्हणजे — तुमची हरकत नसेल तर. मला तुम्ही फार आवडता.”

तिनं ब्रश सावकाश पुसला. हसू काही आवरेना.

“आणा. पण समजावून मी सांगणार. तुम्ही नुसतं अभिमानानं बघत उभं राहायचं.”

“ते तर कालपासून चालूच आहे.”