डोळा उघडा

त्या घरात प्रत्येक नदी दोनदा वाहायची. एकदा बाबांच्या कॅमेऱ्यात आणि मग आईच्या कागदावर. बाबा कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून निघायचे, एखाद्या धबधब्यासमोर अर्धा दिवस उभे राहायचे आणि भिजलेले बूट हातात घेऊन परतायचे. आई त्या फोटोंवरून जलरंगात चित्रं करायची. दोघांचं पाण्यावाचून पान हलत नाही, असं आत्या म्हणायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची आणि स्वतःचं आवरलं की वर यायची, कारण साडेतीन वर्षांची भिंगरी एकट्या आईला आवरणारी नव्हती.

भिंगरी हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने तिला कुणी हाक मारल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. ती बसली तरी पाय हलायचे. झोपेतसुद्धा ती गोल फिरायची आणि सकाळी तिचं डोकं उशीऐवजी बाबांच्या पोटावर सापडायचं. बाबांकडे जगभराच्या पाण्याचे फोटो होते, पण पोटच्या पोरीचा एक धड फोटो नव्हता.

त्याला कारण त्यांची पद्धत. लेन्सवर काळी काच लावायची, कॅमेरा तिपाईवर घट्ट बसवायचा आणि एकेका फोटोसाठी त्याचा डोळा तीस सेकंद उघडा ठेवायचा. तेवढ्या वेळात जे हलतं ते फोटोत राहत नाही. आदळणारं पाणी सायीसारखं मऊ होतं, उडणारे पक्षी पुसले जातात. एकदा त्यांनी भर दुपारी गर्दीच्या पुलाचा असा फोटो काढला होता. शंभरेक माणसं येऊन गेली असतील, पण फोटोत उरला तो कठड्याला टेकून झोपलेला एक म्हातारा. आपल्या लेकीला फोटोत आणायचं तर आधी डिंक लावून उभं करावं लागेल, असं बाबा म्हणायचे.

त्या तीस सेकंदांत तिपाईच्या आसपास कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही, हा घरचा कायदा होता. बाबा हलकेच म्हणायचे, "डोळा उघडा." की सगळे जागच्या जागी. "डोळा बंद" ऐकल्यावरच श्वास सोडायचा. आत्याच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की स्वयंपाकघरात कुणी गमतीने तसं म्हटलं तरी ती हातातला डाव हवेत धरून थांबायची. भिंगरीला हा खेळ जिवापाड आवडायचा, आणि तो तिला एकदाही जमला नव्हता. तीनपर्यंत मोजून होईतो ती खिदळत उडी मारायची.

त्या वर्षी मुलांच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला एक मोठं चित्र सांगितलं. जिथे आजारी मुलांच्या आया तासन्‌तास बसून राहतात त्या खोलीच्या भिंतीसाठी धबधबा हवा होता, पण भीती वाटेल असा नको. बाबांनी दोन तासांच्या अंतरावरचा एक शोधून काढला. उंच काळा कडा, त्याच्यावरून उतरणारी एकच रुंद धार, खाली डोह आणि डोहात काठाजवळ एक सपाट दगड. फोटो बघताक्षणी आई म्हणाली की हाच.

भिंगरी दुपारी झोपायची तेवढा दीड तास आईचा. जेवणाची भांडी तशीच टाकून ती फळीवर कागद ताणून बसवायची. जलरंगात पांढऱ्याला रंग नसतो, पांढरं म्हणजे कागदच. पाणी काढायचं तर पाण्याभोवतीचं सगळं रंगवायचं आणि पाणी तेवढं सोडून द्यायचं. माझी बायको पाणी काढत नाही, वाचवते, असं बाबा लोकांना कौतुकाने सांगायचे.

पहिला कागद वाळला तेव्हा आईला दिसलं की तिने नको तिथेही कागद सोडला आहे. सपाट दगडाच्या मागच्या अर्ध्या भागावर अंगठ्याएवढी जागा कोरी होती. तिने फोटो पुन्हा बघितला. दगड सगळा काळा, फेसाचा ठिपकाही नाही. झोप अपुरी झाली की असं होतं, असं स्वतःला बजावून तिने दुसऱ्या दिवशी नवा कागद घेतला. या वेळी ती दगडापाशी सावध होती, निदान तिला तसं वाटलं. कागद वाळला आणि तीच जागा पुन्हा कोरी.

मग तिने हट्टाने गडद राखाडी कालवला आणि त्या जागेवरून ब्रश फिरवला. रंग तिथे थांबेना. मेण लावलेल्या कागदावरून ओघळावा तसा तो कडेला निघून गेला, आणि कोऱ्या जागेची कड आणखीच स्पष्ट झाली. वर गोलसर, मध्ये वाकलेली, आणि पुढे एक बारीक पट्टी खाली उतरलेली.

कागद खराब निघाला असेल, बाबा म्हणाले. दुकानदाराला दाखवू. ते बरोबरच होतं, असे कागद निघतात. आईने दुसऱ्या गठ्ठ्यातला तिसरा कागद काढला. त्यावरही ती जागा आली. या वेळी पट्टीच्या टोकाला बोटांसारखं काही होतं, पण ते तिने कुणाला सांगितलं नाही.

भिंगरी झोपेतून उठून आईच्या मांडीवर चढली आणि चित्राकडे बघत राहिली.

"ही कुणाला धरतेय?" तिने विचारलं.

"कोण, बाळा?"

"ही वाकलीये ती."

आईने चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. रात्री एखादी गंमत सांगावी तसं तिने ते बाबांना हसत हसत सांगितलं, पण बाबा हसले नाहीत. त्यांनी विचारलं की तो दगड प्रत्यक्ष बघायचाय का. आई हो म्हणाली. डोक्यातलं हे खूळ एकदा जायला हवं होतं.

रविवारी चौघं निघाली. आभाळ भरून आलेलं होतं, पण पाऊस नव्हता. बाबांना असाच सपाट उजेड हवा असतो. डोहाच्या वर बघणाऱ्यांसाठी लाकडी ओटा बांधलेला होता आणि त्याच्या कडेने दगडी पायऱ्या पाण्यापर्यंत उतरत होत्या. धबधब्याचा आवाज एवढा की शेजारच्याशीही मोठ्याने बोलावं लागे. आईने पहिल्यांदा तो दगड बघितला. कोरडा होता. कडेला थोडं शेवाळ, वर एक वाळकं पान. काठापासून तिथवर घोटाभर पाणी. ती बराच वेळ बघत राहिली आणि मग तिला स्वतःचंच हसू आलं. किती दिवसांनी तिचे खांदे सैल झाले.

आत्याने तिला चिमटा काढलाच. म्हणाली, दगड बघायला दोन तास गाडीत बसणारी सून आमच्याच घरात आली.

आई ओट्यावरच दोन पावलांवर, धबधब्याकडे पाठ करून बसली आणि मागच्या झाडांची रेखाटनं करू लागली. बाबांनी चौकट जमवली, मग काळी काच काढून पुसत बसले, मग ती लावली. एकदा काच लागली की कॅमेऱ्यातून काही दिसत नाही, सगळा अंधार. ते ढग एकसारखा व्हायची वाट बघत थांबले. भिंगरीचा हात आत्याच्या हातात होता. तिला पाणी द्यायला आत्याने बाटलीचं झाकण उघडलं. झाकण घट्ट होतं, दोन्ही हात लागले.

"डोळा उघडा," बाबा आवाज चढवून म्हणाले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

आईची पेन्सिल थांबली.

आत्याही थांबली. बाटली हातात तशीच. आणि मान न वळवता, नुसत्या डोळ्यांच्या कडेने तिला दिसलं की शेजारी भिंगरी नाही.

भिंगरी खाली सपाट दगडावर उभी होती.

आत्याने नंतर रडत रडत सांगितलं, की तिला सगळं दिसत होतं. डोहाचं पाणी मातकट झालेलं दिसत होतं. वर डोंगरात कुठेतरी पाऊस झाला असणार. काठ आणि दगड यांच्यामधलं घोटाभर पाणी रुंद होत होतं, त्यात काटक्या वाहत होत्या. तिला हाक मारायची होती. पण डोळा उघडा होता. इतक्या वर्षांची सवय तिच्या गळ्यात बसली होती आणि ती वेड्यासारखी मनात आकडे मोजत होती. अठरा. एकोणीस. वीस.

"डोळा बंद."

"भिंगरी," आत्या म्हणाली. ओरडली नाही. जेमतेम ऐकू आलं.

आईने वळून बघितलं.

भिंगरी हलत नव्हती. हात नाही, पाय नाही. केससुद्धा नाही. पाणी दगडाच्या चारही बाजूंनी फिरत होतं आणि ती मधोमध उभी होती, सरळ, त्यांच्याकडे बघत.

बाबा पायऱ्यांवरून उतरले की पडले ते आईला कळलं नाही. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. त्यांनी तिला उचललं.

ते परत पायऱ्यांवर आले तेव्हा दगड दिसत नव्हता.

आईने भिंगरीला छातीशी धरलं. पोर गरम होती, जड होती, तिच्या केसांना बिस्किटांचा वास येत होता. फ्रॉक कोरडा. फक्त पायातले बूट-मोजे ओले. आई तिचा एकेक अवयव चाचपत होती, जणू आत्ताच जन्माला आलीय. आणि भिंगरीचे पाय नेहमीसारखे हलायला लागले, आईच्या पोटावर लाथा बसल्या. इतकं सुख आईला कशानेच झालं नव्हतं.

"मी जिंकले," भिंगरी म्हणाली. "मी हललेच नाही."

"नाही गं माझी बाय. नाही हललीस."

"ती म्हणाली, डोळा उघडाय. आता हलायचं नाही."

आईने विचारलं नाही, कोण. धबधब्याच्या त्या आवाजात साडेतीन वर्षांच्या मुलीला कुणाचं बोलणं ऐकू आलं असेल, हेही विचारलं नाही.

परतताना गाडीत आत्या स्वतःला बोल लावत होती. मी गप्प कशी राहिले, माझ्या जिभेला काय झालं होतं. बाबांनी गाडी कडेला घेतली.

"ताई, तू हाक मारली असतीस तर ती तुझ्याकडे धावली असती," ते म्हणाले. "त्या पाण्यातून."

आत्याचं रडं थांबलं. तिने भिंगरीच्या ओल्या मोज्यांची गुंडाळी मुठीत घट्ट धरली आणि घर येईपर्यंत सोडली नाही.

फोटो दोन दिवसांनी बघितला. बाबांना तो पुसून टाकायचा होता, आई नको म्हणाली. धबधबा सायीसारखा आला होता, डोह धुक्यासारखा. आणि दगडावर भिंगरी. फ्रॉकवरची फुलं मोजता येत होती, पापण्या दिसत होत्या. तीस सेकंदांत तिची एक रेघही हललेली नव्हती. तिचा पहिला धड फोटो.

आईने संगणकावर फोटो मोठा केला. भिंगरीचा फ्रॉक समोरून पोटावर ताणला गेला होता. मागे पाठीपाशी कापड गोळा होऊन एका बाजूने बाहेर आलं होतं, रस्ता ओलांडताना आपण पोराला मागून मुठीत धरतो तसं. त्या गोळा झालेल्या कापडापुढे काही नव्हतं. नुसतं धुकं.

"वारा असेल," बाबा म्हणाले. पण वाऱ्याने धरलेलं कापड हललं असतं. तीस सेकंद ते असं राहायचं तर धरणारा हातही तीस सेकंद स्थिर हवा. आणि स्थिर हात फोटोत आलाच असता. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार.

दोघांनी मिळून फोटो छापला आणि आईच्या कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात तळाशी ठेवून दिला.

त्याच आठवड्यात आईने चौथा कागद ताणला. दगडापाशी आल्यावर तिचा हात आपोआप हळू झाला. पण रंग मुकाट्याने बसला, काळा, एकसारखा, कडेपर्यंत. तिला हायसं वाटलं. आणि थोडं एकटंही वाटलं, आपल्याला दारापर्यंत सोडायला आलेलं कुणी न सांगता वळून गेल्यासारखं. ब्रश पाण्यात बुडवताना ती अगदी हळू म्हणाली, तुमचे फार उपकार आहेत. शेजारच्या खोलीत भिंगरी पलंगावरून उड्या मारत होती, आणि आईने तिला उड्या मारू दिल्या.

चित्र इस्पितळात लागलं. डॉक्टरीणबाईंनी कळवलं की आया त्याच्यासमोरची बाकं आधी धरतात.

पुढे शाळेच्या अर्जासाठी भिंगरीचा फोटो हवा होता. बाबा कामावर होते, म्हणून आई तिला कोपऱ्यावरच्या स्टुडिओत घेऊन गेली. आत निळा पडदा, एक गोल स्टूल आणि दोन दिवे. भिंगरी स्टुलापुढे उभी राहिली, हूं की चूं न करता. अशी शांत मुलं हल्ली बघायला मिळत नाहीत, असं फोटोवाल्याने आईला सांगितलं. आई हसली आणि दाराजवळच्या बाकावर बसली, त्याच्या मागे, पर्स मांडीवर घेऊन.

फोटोवाल्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. एक पाऊल मागे आला. पुन्हा बघितलं.

"ताई, तुम्ही जरा बाजूला व्हा," तो समोर बघतच म्हणाला. "अर्जावर एकटीचाच लागतो."

आई बाकावरून उठली नाही. निळ्या पडद्यापुढे भिंगरी एकटी होती. तिचा उजवा हात अंगापासून थोडा लांब, किंचित वर होता, बोटं मिटलेली.

आईने त्या हाताशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. "एवढा फोटो होईपर्यंतच सोडा," ती म्हणाली. "नंतर तिला धरा."

"हं. आता बरोबर," फोटोवाला म्हणाला.

भिंगरीचा उजवा हात हळूच खाली आला.