पिळवटलेला पंख

“माझ्याच हातून पडलं, बाबा... धूळ पुसताना निसटलं,” ती खालमानेने म्हणाली, आणि सासऱ्यांच्या चेहऱ्यावरची उरलीसुरली माया तिच्या डोळ्यांदेखत विझली.

पलंगावर ते विमान मोडून पडलं होतं. थोरल्या दिरांनी कॉलेजात असताना, वडिलांना हाताशी घेऊन, हलक्या लाकडाच्या काड्या जोडून, वर झिरझिरीत कागद चढवून केलेलं. दीर ऐन तारुण्यात तापाने गेले, आणि त्यांचं म्हणून या घरात एवढंच काय ते मागे राहिलं होतं.

पण ते तिने पाडलंच नव्हतं! ती खोलीत आली तेव्हा सासूबाई विमान उराशी घट्ट कवटाळून, हलकेच डोलत, थोपटत बसल्या होत्या, आणि काड्या कडाकड मोडत होत्या... “झोपला गं आत्ताच,” त्या तिच्याकडे बघून कुजबुजल्या होत्या.

सासूबाईंना हल्ली विसर पडे. गॅस तसाच चालू राही. “आता आणखी काही झालं, तर तिला संस्थेत ठेवायचं. घरात तान्हं मूल आहे,” असं बाबांनी बजावून ठेवलं होतं. तान्हं मूल तिचंच. भीती तिलाही होती. लेकीला ती क्षणभर नजरेआड करत नसे. पण बाळंतपणानंतर ती तापाने फणफणली, तेव्हा सासूबाईंच्या याच हातांनी तिला घास भरवले होते... त्या हातांना परक्या दारात कसं लोटायचं?

मग घरात अबोला शिरला. बाबा पानावर येत, न बोलता जेवत, न बोलता उठत. नोकरीपायी परगावी असलेला नवराही फोनवर म्हणाला, “अख्ख्या घरात पाडायला तुला तेवढंच सापडलं?” तिने तेही गिळलं. भरल्या घरात, लेकीच्या बोबड्या हुंकारांखेरीज तिच्याशी बोलणारं कुणी उरलं नाही.

दुपारी लेक निजली की ती विमान घेऊन बसे. ओल्या फडक्याने जुना कागद सोडवायचा, मोडक्या काड्या डब्याच्या झाकणात काढून ठेवायच्या, तशाच नव्या कापून बसवायच्या. शेवटी एका पंखावर तिने खळ लावून नवा कागद चढवला, आणि तो ताठ बसावा म्हणून वर पाण्याचा फवारा मारला. कागद वाळला, आक्रसला... आणि अख्खा पंखच पिळवटून गेला. एक टोक वर, एक खाली. इतके दिवस अडवलेलं रडू मग काही आवरेना.

“फळीला टाचला नव्हतास?”

दारात बाबा उभे होते.

“नाही... मला माहीत नव्हतं.”

“वाळेपर्यंत टाचण्या लावून धरावा लागतो. कागदाला काय, ओढणं तेवढं ठाऊक.” ते नाइलाजानेच बसले, पंख पुन्हा ओलावून फळीवर सरळ केला. “जुन्या काड्या कुठायत? मापं बघू दे.”

तिने झाकण पुढे सरकवलं. काड्या उलटसुलट करता करता बाबांचे हात थबकले. त्यांनी विमानाचं नाक चाचपलं, पुढचं पातं फिरवून पाहिलं.

“सूनबाई, पडलेलं विमान आधी नाकावर आपटतं. आम्ही बापलेकांनी काय कमी वेळा पाडलंय? याचं पातंसुद्धा शाबूत आहे. आणि काड्या बघ, दोन्हीकडून आत मोडल्यात. हे पडलेलं नाही... हे कुणीतरी कवटाळलंय.”

“नाही हो, माझ्याच हातून...”

“खोटं बोलायचं तर आधी विमान उडवायला शिकायचं होतंस, पोरी.” त्यांनी मोडकी काडी झाकणात परत ठेवली. “माझा अबोला सोसलास, पण एका शब्दाने बोलली नाहीस?”

“बोलले असते तर आई गेल्या असत्या, बाबा.”

“आणि बाळासाठी भीती नाही वाटत?”

“वाटते ना. रोज वाटते. आईंना बाळापाशी एकटं सोडत नाही मी. पण एकटीची फार तारांबळ होते हो... तुम्हीही लक्ष ठेवलंत तर...”

“ठेवीन. नाहीतरी दिवसभर काय करतो? पेपर वाचतो, तोही कालचा.” त्यांनी डोळे पुसले. “ती कुठे जाणार नाही.”

बोलण्याच्या आवाजाने सासूबाई आल्या. फळीवरच्या ओल्या कागदाला त्यांनी बोटाच्या टोकाने हळूच स्पर्श केला.

“किती नाजूक आहे... कुणाचं हो हे?”

थोरल्याचं नाव बाबांच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथूनच परतलं. त्यांनी बायकोचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

“आपल्या सूनबाईचं आहे,” ते म्हणाले. “फळी धर जरा. तिला मदत करू.”