मेलेल्या मॅनेजरच्या टाळ्या

उस्मानपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये दर रविवारी जुने सिनेमे दाखवतात. त्या रविवारी ‘टाळ्यांची भूक’ लागला होता आणि सरिता ओढणीचा बोळा तोंडात कोंबून बसली होती. पडद्यावर खेड्यातली एक पोर नाटकात नाव काढायला निघालेली. तिच्या यशाच्या रात्री बिचारा म्हातारा मॅनेजर आनंदानं मेला. त्याच्या उशाशी रडत, गात तिनं गिरकी घेतली, घागरा मॅनेजरच्या तोंडावर पडला... आणि मढ्यानं तो हळूच बाजूला सारला.

सरिता उठली ती थेट बाहेर, चहाच्या टपरीपाशी पोट धरून हसली. ‘पोरगी लई मोठ्यानं हसती’ म्हणून एका स्थळानं नकार दिला, तेव्हापासून ती हसू दाबूनच ठेवायची. आज मात्र इलाज चालेना.

“ह्या चपला तुमच्याच ना?”

तिनं खाली पाहिलं. पाय अनवाणी! शेजारच्या खुर्चीवरचा तरुण तिच्या चपला हातात घेऊन उभा होता, ओठांच्या कोपऱ्यात हसू लपवत.

“काय बंडल पिक्चर है हो,” ती डोळे पुसत म्हणाली. “पण ती बाई... कशी जीव ओतून गाती! पिक्चर बंडल है, हे तिला कुणी सांगितलंच नाय जणू. लई आवडली मला. आन् ते मढं—”

“माझे वडील हैत ते, अण्णा. हिरो व्हायला गेलते मुंबईला, तेवढंच काम मिळालं. मी इंद्रजीत.”

सरितानं पटकन ओढणी तोंडाला लावली. पुन्हा हसण्यानंच घात केला, आणि हा तर बघताक्षणीच आवडला होता.

तेवढ्यात मध्यंतर झालं. टोपी सावरत कारभारीअण्णा बाहेर आले.

“हसलं कोण?”

“मी...” सरिता पुटपुटली. “चुकलं माझं.”

“चुकलं कशापायी? गावात समदे माझी कीव करत्यात, पोटभर हसत नाय कुणी. पिक्चरात बरा मेलो ना मी?”

“मेलात झकास. पण तो घागरा—”

“गुदमरलो असतो की, पोरी.”

अण्णा खुशीत चहा न घेताच आत गेले, पहिल्या रांगेत.

“एका स्थळानं ह्या हसण्यापायीच नकार दिलता मला,” सरिता म्हणाली. का सांगितलं, ते तिचं तिलाच कळेना.

“कुठं राहतो तो? पेढे द्यायचेत त्याला.”

ती लाजली. चपला घालताना तोल गेला, त्यानं हात पुढं केला... आणि सोडायचा विसरला.

दोघं आत येऊन बसले. शेवटच्या प्रसंगात पडद्यावरच्या थिएटरभर टाळ्या. पडद्यावरच्या त्या गर्दीत अगदी पुढं, मघाशी मेलेले अण्णा प्रेक्षक होऊन बसलेले, धडधाकट! सरिताचा हात सवयीनं ओढणीकडं गेला. इंद्रजीतनं ओढणीचं टोक हळूच धरलं.

“दाबू नका. सोयगावचं आमचं घर लई गपगप है... तुमचं हसू पायजे तिथं. याल?”

“येईन,” ती म्हणाली, आणि मग अशी हसली की अख्खा हॉल वळून बघू लागला. अण्णांनी तेवढं वळून पाहिलं नाही. ते पडद्यावरच्या अण्णांच्या जोडीनं टाळ्या वाजवत होते.