पिस्ता रंगाची भिंत

रंगाचा डबा धप्पकन अंबिलीच्या गाठोड्यावर आदळला.

"अहो! गिऱ्हाइकांचे ब्लाउज आहेत त्यात. उचला आधी!"

बोटीच्या दोन्ही बाजूंचे पडदे पावसासाठी खाली सोडलेले, आत जेमतेम उजेड. डबा आणणारा माणूस ओलाचिंब होता, हातांना इंजिनच्या तेलाचा वास. त्याने डबा तान्ह्या पोरासारखा मांडीवर घेतला. झाकणावरून पिस्ता रंगाचा ओघळ आला होता.

"घराला देताय?"

"हो."

"पुरात होतं?"

"खिडकीपर्यंत."

"आणि आत्ता रंग? डोकंही बुडालं होतं का तुमचं?"

"नाही... ते वर राहिलं. थोडंफार."

त्याच्या ओठाचा एकच कोपरा हसला. अंबिलीला त्या कोपऱ्याचाही राग आला. पाणी ओसरल्यापासून तिला सगळ्याचाच राग येत होता. तिची शिलाई मशीन गंजली, गादी कुजली, आणि भेटेल तो विचारणार, "झालं का घर पूर्वीसारखं?" जणू भांडं विसळून पालथं घालायचंय! अरे, चहूकडे पाणी असलेल्या कुट्टनाडातलं घर ते. भिंत पोटभर पाणी प्यायलीय. उन्हाळ्याचं ऊन लागतं तिला.

तिने हे सगळं त्याला सुनावलं. आवाज खाली न आणता.

"कळतं हो," तो म्हणाला. "पण रविवारी पाहुणे येणारेत. आणि आई... ती भिंतीवरची पुराच्या पाण्याची रेघ बघून रोज रडते."

अंबिलीने गाठोडं जवळ ओढलं. बोट त्याच्या धक्क्याला लागली. उतरताना त्याने वळून पाहिलं.

"ब्लाउजला डाग पडला असेल, तर शिव्या द्यायला याच बोटीला या."

"येईन! सोडते की काय!"

घरी येईपर्यंत तिचे कान गरम होते. पावसात!

रविवारी दिवाकरन मामा तिच्यासाठी स्थळ बघून आले. मामांचा नियम: आधी घर बघायचं, मग मुलगा, आणि मुलीला सगळ्यात शेवटी विचारायचं. मामा परतले ते फणफणत. त्यांच्या लुंगीसारख्या नेसलेल्या पांढऱ्याशुभ्र मुंडूवर, बरोबर मागे, पिस्ता रंगाचा भला मोठा पट्टा!

"भिंतीला टेकलो, तर भिंतच सोबत आली! केळीच्या सोपटासारखा रंग निघाला. फसवणूक! मोडलं लग्न!"

"पिस्ता?" अंबिली पुटपुटली. "मुलगा काय करतो म्हणालात?"

"बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. सजीश. खोटारडा!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी त्या मूर्खावर. मग मामांवर.

"मामा, आपल्या घरातली कृष्णाची तसबीर एवढी खाली कधी आली हो?"

मामा खाकरले.

"तिच्यामागे काय आहे? आपलीही रेघच ना? तो रंगाने झाकतो, तुम्ही देवाने. मोठा खोटारडा कोण?"

उत्तराला थांबली नाही. छत्री उचलली आणि बोट पकडली. मुलगी एकटी मुलाच्या घरी निघाली, हे कळताच धक्क्यावरच्या बायकांचे मासे साफ करणारे हात थांबले.

सजीश दारातच होता. "तुम्ही? डाग... पडला?"

"पडला. मामांवर. ते ज्या मुलीसाठी आले होते ना, ती मी."

त्याचा चेहरा पिस्ता झाला.

"बघत काय उभे राहिलात? खरवडायला काहीतरी आणा!"

त्याने दोन पत्र्याच्या पट्ट्या आणल्या. रंगाच्या ओल्या साली पायाशी पडू लागल्या, आणि भिंतीवर ती मातकट रेघ पुन्हा वर आली. आतून त्याची आई कळवळली, "नको ग पोरी! लोकांना दिसेल!"

"दिसू दे, अम्मा! आपण काय चोरी केलीय? पाणी आलं होतं. आमच्याकडेही माझ्या छातीएवढं होतं."

म्हातारी रेघेकडे बघत राहिली. मग डोळे पुसून चुलीकडे गेली. भांड्यांचा आवाज आला.

"वाळायला किती लागेल?" सजीशने हळूच विचारलं.

"एप्रिलात विषूचा सण येईपर्यंत. खिडक्या उघड्या ठेवायच्या. पाहुणे येवोत, नाहीतर राजा येवो."

"आणि... तुमचा राग?"

"तो वाळत नाही. चालेल?"

पट्टी थांबली. तिच्या गालावर रंगाचा पोपडा चिकटला होता. त्याने बोट पुढे केलं... आणि मध्येच थांबवलं.

"चालेल," तो म्हणाला. "ओलीतच वाढलोय मी."

तिने गाल पुढे केला. "मग काढा की. का त्यालाही मुहूर्त हवाय?"

परतीच्या बोटीला मामा धक्क्यावर उभे होते. नजर तिच्या हिरव्या नखांवर.

"काय करून आलीस?"

"घर बघून आले. ओलं आहे. विषूला वाळेल, तेव्हाच लग्न. मुलगाही बघितला." छत्री मिटत ती म्हणाली, "तो मला पसंत आहे."

मामांच्या तोंडाचा आ मिटायच्या आत ती झपाझप चालत घरात शिरली. कृष्णाची तसबीर काढून तिने वर, जुन्या खिळ्याला लावली. रेघ उघडी पडली. मग एकेक करून सगळ्या खिडक्या सताड उघडल्या.

"अगं, गार वारा येतोय!" मागून आलेले मामा ओरडले.

"येऊ दे!"

ती तशीच हसत उभी राहिली, एक हात गालावर ठेवून.